दारामागचा लेअर

१

दोष मधुकररावांचा. गोष्ट नंतर ऐका, हे आधी ऐकून ठेवा. पुढे यात एक न पाहिलेली बाई येते, आणि लोकांना न पाहिलेल्या बाईवर बिल फाडायची फार घाई असते.

मधुकरराव बालाघाटात सिंचन खात्यात बडेबाबू होते. थोरली मुलगी अपूर्वा, धाकटा पियुष. अपूर्वा चित्रं काढायची. आपल्याकडे चित्रं काढणारी मुलगी रांगोळीच्या स्पर्धेपुरती गोड असते. त्यापुढे गेली की बापाच्या पोटात गोळा येतो. मधुकररावांना तिला पटवारी, म्हणजे तलाठी, करायचं होतं. परीक्षा आठवड्यावर आली आणि पोरगी पुस्तकाखाली कागद लपवून चित्रं काढताना सापडली. त्यांनी तिच्या खोलीला बाहेरून कडी घातली. कुलूप सापडेना, म्हणून कडीत पिवळ्या मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, अडकवला, आणि चौदा वर्षांच्या पियुषला बजावलं, “काही बी म्हणो, दार उघडाचं नाही. मी पाच वाजता येतो.”

मे महिन्याची दुपार होती. आई, म्हणजे प्रेमलताबाई, माहेरी वारासिवनीला गेलेली. ताईला दमा होता आणि दम्याचा पंप स्वयंपाकघरातल्या फडताळात होता. पियुष कानांवर हेडफोन लावून गेम खेळत होता. दारावर थापा आल्या, त्या त्याला ऐकू आल्या. मग थांबल्या. त्याला वाटलं, बसली एकदाची अभ्यासाला.

तेराव्याला पंक्तीत बसून “देवाची मर्जी” म्हणणारे म्हातारे बुंदी दोनदा मागून घेत होते. ते उठून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकररावांनी तिचे सगळे फोटो जमा केले. अल्बम, परीक्षेचं प्रवेशपत्र, आधार कार्ड, नातेवाइकांकडून मागून आणलेले लग्नांतले फोटो, तिच्या चित्रांच्या वह्या. कॉम्प्युटर दुकानात नेऊन पुसून आणला. कागद पाणी तापवायच्या बंबात घातले. बायकोने अडवलं नाही. त्या पाण्याने घरातल्या सगळ्यांनी आंघोळ केली.

एक फोटो. एक जरी ठेवला असता, तर पुढचं काही झालं नसतं.

२

नऊ वर्षं गेली. पियुष जबलपूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत पोचला आणि कॉलेज सोडून घरी आला. आता घराच्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर टाकून तो आणि वारासिवनीचा गजेंद्र मिळून मोबाइलचा गेम बनवत होते. गजेंद्र प्रोग्राम लिहायचा, पियुष बाकी सगळं बघायचा. मधुकरराव रिटायर झालेले. ते कोणी भेटलं की सांगायचे, “पोरगा कम्पुटरचं काहीतरी करते,” आणि “काहीतरी” वर असा जोर द्यायचे, जसं काही तो गांजाच विकतो.

गेम साधा होता. रिकाम्या घरात एका खोलीतून दुसरीत फिरायचं आणि हरवलेल्या वस्तू शोधायच्या. खोल्यांची चित्रं काढायला माणूस हवा होता आणि पगारी आर्टिस्ट ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून पियुषने दोन-तीन ग्रुपवर टाकलं : फ्रीलान्स आर्टिस्ट पाहिजे, आधी एक टेस्ट चित्र पाठवा. विषय : सरकारी नोकरदाराच्या घरातला पॅसेज, दुपार. माणसं नकोत.

अठरा चित्रं आली. पियुष आणि गजेंद्र चहा पीत एकेक उघडत होते.

“अबे, ये देख. क्वार्टर में कंदील टाँग दिया,” गजेंद्र म्हणाला.

“ह्याने तर खांब लावले नक्षीचे. पंतप्रधानाचा बंगला आहे का?”

“और ये वाला पक्का बंबई का है. पॅसेज में सोफा!”

अकरावं चित्र उघडलं आणि गजेंद्र खुर्चीतून पुढे झुकला. “ये हुई ना बात.”

कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर चुना. चुन्यावर डोक्याच्या तेलाचा एक डाग, कोणी रोज टेकून उभं राहावं तसा. विजेचं मीटर, मीटरच्या फळीवर साबणाची वडी. राइस मिलचं कॅलेंडर. पॅसेजच्या टोकाला फिक्या निळ्या रंगाचं बंद दार. दाराला बाहेरून कडी, आणि कडीत पिवळ्या मुठीचा पेचकस.

पियुषने कप खाली ठेवला.

असली घरं बालाघाटात दोनशे असतील. त्याने स्वतःला समजावलं. कुलूप नसलं की लोक कडीत काही ना काही अडकवतातच. चमचा, खिळा, पेचकस. आणि पेचकसाची मूठ पिवळीच असते, दुसऱ्या कोणत्या रंगाची असते? गजेंद्रला त्याने त्या दुपारबद्दल कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

“कौन है ये?” गजेंद्रने विचारलं.

प्रोफाइलवर फोटो नव्हता. नाव अनुसया, गाव तिरोडी. बस.

“तिरोडी! अपनी खदान वाली तिरोडी? मेरे मामा रहते हैं वहाँ. ले ले बे, यही फायनल.”

पियुषने लिहिलं, “चित्र पसंत आहे. लेअरवाली फाईल पाठवा.”

३

लेअरवाली फाईल म्हणजे काचांची चळत समजा. एका काचेवर भिंत, दुसरीवर मीटर, तिसरीवर दार. सगळ्या एकावर एक ठेवल्या की चित्र पूर्ण. प्रत्येक लेअरच्या नावापुढे एक छोटा डोळा असतो. डोळा मिटला की तेवढी काच नाहीशी होते आणि तिच्यामागचं दिसतं. दारामागे कोणी काही काढत नाही. गेममध्ये ते दार उघडायचंच नसतं, मग कशाला कोण मेहनत करेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी पियुष घरी एकटाच कामाला बसला होता. आई आतल्या खोलीत आडवी झालेली, बाबा लायब्ररीत पेपर वाचायला गेलेले. त्याने कॅलेंडरचा डोळा मिटला; मागे नुसती भिंत. मीटरचा मिटला, भिंत. दाराचा मिटला.

मागे खोली होती. टेबल होतं, टेबलावर पुस्तकं. टेबलाशी पिवळ्या कुडत्यातली एक मुलगी इकडे पाठ करून बसलेली. पाठ पूर्ण रंगवलेली होती, कुडत्याच्या शिवणीसकट. डोकं मात्र नुसतं बाह्यरेषेत सोडलेलं, आत काही नाही.

त्याने डोळा उघडला. दार आलं. पुन्हा मिटला. मुलगी तिथेच.

तेवढ्यात त्याला आवाज आला. कागदावर खोडरबर घासल्याचा. खस खस खस, आणि मग फू. ताईची सवय ती; खोडून झालं की रबराचा चुरा हाताने झटकायची नाही, फुंकायची. आवाज पॅसेजच्या टोकाकडून, ताईच्या खोलीतून आला, जिथे आता तांदळाची पोती आणि लग्नातल्या गाद्या ठेवलेल्या असतात.

तो उठला नाही. उंदीर, असं त्याने मनाला सांगितलं. पोती आहेत तिथे उंदीर असायचेच. उंदीर खस खस करतात. उंदीर फुंकर मारत नाहीत हे त्याला कळत होतं.

त्याने मेसेज टाकला, “दारामागे कोण आहे?”

उत्तर लगेच आलं. “रेफरन्स नाही. द्याल तर पूर्ण करते.”

यात भिण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक आर्टिस्ट रेफरन्स मागतो. कसं दिसतं त्याचा एखादा फोटो पाठवा म्हणतो, फोटो नसेल तर वर्णन लिहा म्हणतो. पियुषनेच आजवर पन्नास जणांना रेफरन्स पाठवले असतील. फोटो तर बंबात गेले होते. त्याने बराच वेळ कर्सरकडे पाहिलं आणि लिहिलं :

“केस लांब, घट्ट एकच वेणी. वेणीत पेन्सिल खोचलेली असते. शोधत बसते घरभर, आणि पेन्सिल वेणीतच.”

लिहिताना त्याला हसू आलं. नऊ वर्षांत ताईबद्दल त्याने पहिल्यांदा कोणाला काही सांगितलं होतं.

४

नवी फाईल आली. दाराचा डोळा मिटला तर मागे वेणी होती, वेणीत खोचलेली पेन्सिल, आणि मुलगी किंचित वळलेली. डाव्या गालाची कड दिसेल एवढी. गाल मात्र कोरा.

ती वळतेय, हे त्याच्या लक्षात आलं आणि भीती कुठल्या कुठे गेली. चेहरा. ती चेहरा दाखवणार होती. नऊ वर्षं त्याला तो चेहरा एकदा नीट पाहायचा होता. नीट पाहून, दार काहून उघडलं नाही, ते सांगायचं होतं. दुसरं काही नको होतं त्याला, गेमसुद्धा नको.

त्याने लिहिलं, “वेणीतल्या पेन्सिलीची कल्पना मस्त आहे. छान सुचलं तुम्हाला.”

पाठवल्यावर वरचा मेसेज दिसला. वेणीत पेन्सिल खोचलेली असते. त्याच्याच खात्यावरून, काल दुपारी. त्याने तो तीनदा वाचला. लिहिल्याचं आठवत होतं. पेन्सिल आठवत नव्हती.

नऊ वर्षं म्हणजे थोडी नाहीत, त्याने स्वतःला सांगितलं. माणूस विसरतो.

“अजून,” अनुसयाने लिहिलं.

त्याने दिलं. डाव्या कानाला दोन भोकं; दुसरं तिने स्वतःच सुई तापवून पाडलं, कान सुजला, आणि बाबांपासून लपवायला आठवडाभर ओढणी घेऊन फिरली. नवी फाईल आली. कान आला, दोन भोकांचा, आणि मुलगी आणखी थोडी वळली. त्याने दिलं : हसताना एकच दात ओठाबाहेर येतो. दिलं : मला पिऱ्या म्हणते, ‘ऱ्या’ लांबवते. दिलं : खोडून झालं की चुरा फुंकते.

गालात रंग भरला. हनुवटी आली. ओठाची एक कड आली.

एका दुपारी तो जेवत होता आणि पॅसेजकडून कसलासा आवाज आला. खस खस, आणि मग हवेचा एक झोत.

“आई, हे काय वाजते?” त्याने विचारलं.

प्रेमलताबाईंच्या हातातली पळी वरणाच्या पातेल्यावर तशीच थांबली होती. त्या पॅसेजकडे बघत नव्हत्या. पियुषकडे बघत होत्या.

“तुले नाही समजलं?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“काही नाही. जेव.” त्यांनी वरण वाढलं ते ताटाबाहेर वाढलं.

५

“बारा रिव्हिजन!” गजेंद्र भडकला होता. “एक पॅसेज के बारा रिव्हिजन, और किचन, अंगन, छत, एक भी नहीं बना. तू डिझाइनर है का मजनू है बे?”

“थांब ना. होत आलंय.”

“क्या होत आलंय? पॅसेज तो पहले दिन से बना हुआ है.” मग आवाज खाली आणत तो म्हणाला, “सुन. मामा को पूछा मैंने. तिरोडी में अनुसया नाम की चार बाई हैं. चारों साठ के ऊपर. एक भी कम्प्यूटर नहीं चलाती.”

गजेंद्रने पियुषच्या हातातला माउस ओढला आणि मेसेज वरपासून वाचत खाली आला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

“ये तेरी ताई है? अपूर्वा ताई?” नाव तेवढं त्याने वारासिवनीत ऐकलेलं होतं.

“हौ.”

“इतना तो तूने मुझे कभी नहीं बताया.” मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, “तुझे क्या बुलाती थी वो?”

पियुषने तोंड उघडलं. जिभेवर काही नव्हतं. स्क्रीनवर लिहिलेलं होतं, त्याने ते वाचून दाखवलं. “पिऱ्या.” रस्त्यावरच्या दुकानाची पाटी वाचावी तसं.

“हसती कैसे थी?”

त्याने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

“अबे, उधर मत देख. इधर देखके बोल.”

“एक दात... लिहिलंय ना तिथे.”

गजेंद्र उठून उभा राहिला. “बंद कर दे पियुष. मुझे नहीं समझता ये क्या है, पर बंद कर दे. तेरे पास जो बचा है वो मत लिख.”

काय बचा है ते पियुषला माहीत होतं. एकच उरलं होतं. ताई त्याच्या शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायची, आणि तेवढा वेळ बिनचष्म्याचे तिचे डोळे त्याच्याकडे असायचे. लहान वाटणारे, मिचमिचे, हसणारे. ते डोळे अजून त्याच्याजवळ होते. आणि फाईलमध्ये मुलगी जवळजवळ पूर्ण वळली होती. फक्त डोळ्यांच्या जागी कागद कोरा होता.

गजेंद्र बसस्टँडकडे गेला आणि पियुष उठून बाबांसमोर उभा राहिला. मधुकरराव अंगणात खुर्ची टाकून तूर निवडत होते.

“ताईचा एक फोटो द्या.”

त्यांनी मान वर केली नाही. “नाही.”

“पाकिटात, पासबुकात, कुठं तरी असन. एक.”

“नाही म्हणलं ना.”

“एक बी नाही ठेवला? तुमची पोरगी होती ती!”

“म्हणूनच नाही ठेवला.” ते तुरीतला खडा शोधत राहिले. “फोटो राह्यला की माणूस रोज मरते. मी तुमचंच भलं पाह्यलं.”

“पटवारी बी भल्यासाठीच करत होते ना तिले?” पियुष ओरडला. “तुमचं भलं लोकांच्या पोरींवर करा म्हणा, गावभर वाटा! आमच्या घरात बस झालं. कडी तुम्ही घातली, फोटो तुम्ही जाळले, अन् रडाचं बी आम्ही तुम्हाले विचारून?”

मधुकररावांचे हात थांबले. ते काही बोलतील म्हणून पियुष उभा राहिला. “अस्थमा तिले लहानपणापासूनच होता,” ते म्हणाले.

म्हातारी माणसं अशी असतात. खून झाला तरी सांगतील, त्याच्या पत्रिकेतच होतं.

पियुष आत गेला. त्याने डोळ्यांचं सगळं लिहिलं. शर्टाचं टोक, चष्म्याच्या नाकावरच्या दोन खुणा, पापण्यांची उघडझाप. एक शब्द राहू दिला नाही. बापाकडे फोटो असता तर त्याने फोटो पाठवला असता. नव्हता, म्हणून त्याने हे पाठवलं.

“पुरेसं आहे,” अनुसयाने लिहिलं.

६

शेवटची फाईल दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आली. खिडकीतून ऊन थेट स्क्रीनवर पडत होतं, म्हणून पियुषने पडदा ओढला आणि दाराचा डोळा मिटला.

मुलगी समोर बघत होती.

वीसेक वर्षांची असावी. सावळी, नाकावर चष्म्याच्या दोन खुणा. काम फार सुरेख होतं. पापणीन् पापणी मोजता आली असती. पियुष पुढे झुकला, मग मागे सरकून त्याने दुरून पाहिलं. मोठं करून पाहिलं. बसमध्ये समोरच्या सीटवर एखादी मुलगी बसते आणि तिच्या गावी उतरून जाते, तशी ती होती. चांगल्या घरची, कोणाची तरी.

फाईल चुकली असेल, त्याला वाटलं. त्याने मेसेज तपासले. प्रत्येक गोष्ट सांगितली तशी उतरली होती. कान, दात, डोळे. चूक कुठेच नव्हती.

मागे दुधाचा स्टीलचा गंज, ते उभं पातेलं, फरशीवर पडला आणि दूध पायांपर्यंत वाहत आलं.

मधुकरराव दारात उभे होते. त्यांचा जबडा हलत होता आणि आवाज फुटत नव्हता. मग फुटला. “अप्पू.”

ते स्क्रीनजवळ आले. सिंचन खात्याच्या फायलींवर चाळीस वर्षं सही करणारा तो हात त्यांनी काचेवर ठेवला, गालावर ठेवावा तसा. आणि मग खाली, दुधात, मांडी घालून बसले आणि हुंदके देऊ लागले. प्रेमलताबाई पदराला हात पुसत आल्या, “काय सांडलं?” म्हणाल्या, आणि वर पाहून तिथेच भिंतीला टेकल्या.

“माझी पोर,” त्या म्हणाल्या. “पाहा हो, दात पाहा तिचा. तसाच. माझी माय ते.”

दोघं रडत होते, मधेच हसत होते, एकमेकांना दाखवत होते. कान पाहा. वेणीत पेन्सिल पाहा. नऊ वर्षांत त्या घरात अपूर्वाचं नाव कोणी काढलं नव्हतं. आता दोघांच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. ज्याने सगळं बंबात घातलं, त्याला काही आठवायला कष्ट पडत नव्हते. सगळं जागच्या जागी होतं त्याच्याजवळ. एवढी वर्षं होतं.

पियुष खुर्चीत बसून आळीपाळीने त्यांच्याकडे आणि स्क्रीनकडे बघत होता.

“बाबा,” त्याने विचारलं, “हीच का ताई?”

प्रेमलताबाईंचं रडणं एकदम थांबलं.

“हौ,” मधुकरराव म्हणाले. “हीच. तिचे डोळे पाह्य ना, बाबू. तुह्याकडेच पाहून राह्यली.”

खरंच होतं ते. मुलगी बाबांकडे बघत नव्हती, आईकडे बघत नव्हती. पियुषकडे बघत होती. ओळखीचं माणूस दारात दिसावं तसे तिचे ओठ नुकतेच उघडले होते. काही म्हणणार होती. पियुष थांबून राहिला. त्याला काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही फार वाटत नव्हतं.

पियुषला एक बहीण होती, असं घरचे सांगतात. त्याला ती आठवत नाही.